ओकान बुरुकला गालातासराय आयतं मिळालं का?

प्रश्न थोडक्यात असा: इस्तंबूलच्या गालातासराय क्लबचा प्रशिक्षक ओकान बुरुक खेळाडू म्हणून कितपत होता, त्याने लागोपाठ तीन वेळा तुर्की लीग जिंकली ती डोक्याच्या जोरावर की क्लबच्या पैशाच्या, नावाजलेला खेळाडू निवृत्तीनंतर थेट मोठ्या संघाचा प्रशिक्षक होऊ शकतो का, आणि गालातासरायचा जुना प्रशिक्षक फातिह तेरिम याच्याशी तुलना केली तर बुरुक कुठे बसतो?

मी बरीच वर्षं पोरांना आणि क्लबच्या संघांना फुटबॉल शिकवतोय. तुर्की लीग बघायची सवय लागली ती सोयीमुळे. इस्तंबूलचे लीग सामने आपल्याकडे साडेनऊ-साडेदहाला सुरू होतात, चॅम्पियन्स लीगसारखं पहाटेपर्यंत डोळे ताणावे लागत नाहीत. बुरुकला मी खेळताना पाहिलंय आणि प्रशिक्षक म्हणून त्याच्यावर नजर ठेवून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैशाचा मुद्दा आधी मिटवू. पैसा होता, यात शंका नाही. पण बुरुक यायच्या आधीच्या 2021-22 च्या हंगामातही गालातासराय हा तुर्कस्तानातल्या श्रीमंत क्लबांपैकीच एक होता आणि त्या वर्षी तो तेराव्या क्रमांकावर आला. फातिह तेरिमसारख्या दैवताला जानेवारीत घरी पाठवलं, स्पेनच्या डोमेनेक तोरेंतला आणलं, तरी गाडं रुळावर आलं नाही. पैशाने खेळाडू येतात. त्यांचा संघ बांधणं हे वेगळं काम आहे आणि बुरुक ते काम ज्या ठिकाणी शिकला ती ठिकाणं फारशी कुणी बघत नाही.

पण आधी खेळाडू.

बुरुकचा जन्म 19 ऑक्टोबर 1973 चा, इस्तंबूलचा. गालातासरायच्याच युवा संघांतून तो वर आला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य संघात खेळू लागला. चणीने लहान, ताकदीने बेताचा, पण दम न संपणारा. मधल्या फळीतला असा खेळाडू प्रत्येक चांगल्या संघात एक तरी असतो. पोस्टरवर त्याचा फोटो नसतो, पण तो नसला की बाकीच्या दहाजणांच्या चुका उघड्या पडतात. त्या गालातासरायमध्ये पोस्टरवर ज्यॉर्जे हाजी होता, हाकान शुकुर होता. हाजीने चेंडू गमावला की मागे धावायचं काम हाजी करत नसे. ते कुणीतरी करायचं आणि त्या ‘कुणीतरी’मध्ये बुरुक होता. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने जे केलं, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

तेरिमच्या हाताखाली 1997 ते 2000 अशा सलग चार लीग गालातासरायने जिंकल्या. सन 2000 चा युएफा कप (चॅम्पियन्स लीगखालची युरोपातली क्लब स्पर्धा, आजची युरोपा लीग) तर तुर्की फुटबॉलचा सर्वांत मोठा दिवस. त्याची गंमत अशी की तो कप त्यांना जवळजवळ अपघाताने खेळायला मिळाला. नोव्हेंबर 1999 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या गटात एसी मिलानविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून त्यांनी 3-2 असा सामना फिरवला, गटात तिसरे आले आणि म्हणून युएफा कपमध्ये ढकलले गेले. तिथून बोलोन्या, बोरुसिया डॉर्टमुंड, मायोर्का, लीड्स यांना बाद करत 17 मे 2000 ला कोपनहेगनच्या पार्केन मैदानावर अंतिम सामन्यात आर्सेनल. बुरुक सुरुवातीच्या अकरात होता. समोर मधल्या फळीत व्हिएरा आणि पेती, म्हणजे दोन वर्षांपूर्वी विश्वचषक जिंकलेली जोडी, आणि पुढे आँरी, बर्गकाम्प, ओव्हरमार्स. गोलशून्य बरोबरी, जादा वेळेत हाजीला लाल कार्ड, कर्णधार बुलेंत कोरकमाझचा खांदा निखळलेला असताना तो पट्टी बांधून उभा. शेवटी पेनल्टींवर 4-1. बुरुकला नव्वद मिनिटं व्हायच्या थोडं आधी बाहेर काढलं होतं, म्हणजे हा सगळा थरार त्याने बाकावरून पाहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, तेरिम इटलीला गेल्यावर, नवा प्रशिक्षक लुचेस्कूच्या हाताखाली याच संघाने रेआल माद्रिदला हरवून युरोपियन सुपर कपही घेतला.

देशासाठीची एक नोंद फार कमी लोकांच्या लक्षात असते. युरो 1996 मध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, तुर्कस्तान तिन्ही सामने एकही गोल न करता हरून परतला होता. चार वर्षांनी 11 जून 2000 ला आर्नहेममध्ये इटलीविरुद्ध बुरुकने गोल केला. सामना 2-1 ने गेला, पण युरोच्या मुख्य स्पर्धेतला तुर्कस्तानचा पहिलावहिला गोल त्याच्या नावावर आहे. सन 2002 च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या संघातही तो होता.

2001 मध्ये करार संपल्यावर तो आणि संघातला सोबती एम्रे बेलोझोग्लू, दोघंही इंटर मिलानला गेले. गालातासरायला त्यांचे पैसे मिळाले नाहीत, त्यामुळे इस्तंबूलमध्ये बरीच चिडचिड झाली. मिलानमध्ये बुरुकचं बस्तान बसलं असं म्हणता येणार नाही. तीन हंगामांत तो आत-बाहेर होत राहिला. पण प्रशिक्षक म्हणून बघायचं तर ही तीन वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. एक्तोर कूपेरसारख्या शिस्तीच्या प्रशिक्षकाचा संघ, मे 2002 मध्ये लात्सिओविरुद्ध शेवटच्या दिवशी हातातून निसटलेली लीग, आणि भारी खेळाडूंनी भरलेल्या खोलीत आपली पाळी कधी येते याची वाट बघणं. बाकावर बसलेल्या खेळाडूच्या मनात काय चालतं हे ज्याला आतून ठाऊक आहे, तो पुढे संघ फिरवताना वेगळा वागतो.

मग दोन वर्षं बेशिक्ताश, परत गालातासराय, 2008 ची लीग, आणि शेवट इस्तंबूल महापालिकेच्या संघात, इस्तंबूल बुयुकशेहिर बेलेदियेस्पोरमध्ये. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येईल. तिथला प्रशिक्षक अब्दुल्ला आवजी. हाच आवजी पुढे तुर्कस्तानच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला आणि त्याने बुरुकला सहायक म्हणून सोबत घेतलं. प्रशिक्षकगिरीची पहिली पायरी ही.

आता तुमच्या उपप्रश्नाकडे येतो. बुरुक थेट मोठ्या संघाचा प्रशिक्षक झाला का? अजिबात नाही. 2013 मध्ये त्याने पहिल्यांदा मुख्य प्रशिक्षक म्हणून संघ घेतला तो पूर्व अनातोलियातला एलाझस्पोर. हंगाम सुरू झाल्यावर मध्येच बोलावणं आलं होतं आणि हंगामाअखेर संघ खालच्या श्रेणीत गेला. मग गाझीअंतेपस्पोर, मग सिवासस्पोर, दोन्हीकडे फार टिकला नाही. मग एक पायरी खाली उतरून दुसऱ्या श्रेणीत इझमिरचा गोझतेपे. तिथे हंगाम संपायच्या आत त्याला जावं लागलं आणि गोझतेपे त्याच हंगामात, दुसऱ्याच्या हाताखाली, वरच्या श्रेणीत चढला. म्हणजे पहिली चार वर्षं, चार क्लब, आणि कपाटात ठेवायला काहीही नाही.

तुर्की क्लबांची रचना माहीत नसेल तर हे सगळं अपयश वाटेल. तिथे मोठे क्लब ही सभासदांची संस्था असते आणि अध्यक्ष निवडणुकीने येतो. लहान गावांत क्लब बऱ्याचदा नगरपालिकेच्या किंवा एखाद्या स्थानिक धनिकाच्या जिवावर चालतो. अध्यक्ष ना सभासदांना काढू शकत, ना अकरा खेळाडूंना. मग चार सामने हरले की सर्वांत स्वस्त उपाय कोणता? प्रशिक्षक बदला. तेच ते वीस-पंचवीस लोक या क्लबातून त्या क्लबात फिरत असतात. बुरुकही त्या रहाटगाडग्यात होता. फरक इतकाच की प्रत्येक ठिकाणी हाती आलेला संघ वेगळा होता आणि बहुतेक वेळा तो अडचणीत होता. स्वतः निवडलेले खेळाडू नाहीत, सरावाला धड मैदान नाही, पुढचा सामना शनिवारी. अशा वेळी तुमच्या वहीतल्या सुंदर योजना चालत नाहीत. दोन-तीन गोष्टी निवडायच्या आणि त्याच घोटून घ्यायच्या. पोरांना शिकवणारा कुणीही हे सांगेल.

आखिसारमध्ये हे फळाला आलं. आखिसार म्हणजे मनिसा प्रांतातलं एक तालुक्याचं गाव, ऑलिव्हच्या बागांसाठी ओळखलं जाणारं. संघ आपले घरचे सामने कित्येक वर्षं शेजारच्या मनिसात खेळायचा, गावात स्वतःचं स्टेडियम सुरू होऊन काही महिनेच झाले होते. अशा संघाने 10 मे 2018 ला दियारबाकिरमध्ये तुर्की चषकाच्या अंतिम सामन्यात इस्तंबूलच्या बलाढ्य फेनेरबाहचेला 3-2 ने हरवलं. क्लबच्या इतिहासातला हा पहिला मोठा चषक आणि सोबत युरोपा लीगच्या गटात थेट प्रवेश. पुढच्या हंगामात बुरुक तिथे नव्हता आणि आखिसार खालच्या श्रेणीत गेला. याचं सगळं श्रेय-अपश्रेय एका माणसाला देणं बरोबर नाही, पण नोंद घेण्यासारखी आहे. बुरुकने त्या मोसमात रिझेस्पोर अर्ध्यावर हाती घेतला आणि सावरला.

2019 मध्ये बाशाकशेहिर. आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं नाव: हा तोच महापालिकेचा संघ, 2014 मध्ये नाव आणि मालकी बदललेला. जिथे त्याने बूट काढले, तिथेच तो प्रशिक्षक म्हणून परतला, आणि तेही आवजीच्याच जागी. आवजीने हा संघ बांधला होता, लीगच्या तोंडापर्यंत नेला होता, पण घास गिळता आला नव्हता. बुरुकने पहिल्याच हंगामात लीग जिंकली. कोरोनामुळे मध्येच थांबलेला, मग रिकाम्या स्टेडियममध्ये संपवलेला 2019-20 चा हंगाम. तुर्की लीग जिंकणारा हा केवळ सहावा क्लब. टीकाकार म्हणतात की या क्लबला सत्ताधाऱ्यांचा वरदहस्त होता, प्रेक्षक नव्हतेच, त्यामुळे रिकाम्या मैदानाचा त्यांना तोटाही झाला नाही. यात तथ्य आहे. पण त्याच वर्षी युरोपा लीगमध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगकडून पहिला सामना 3-1 ने हरल्यावर परतीचा सामना जादा वेळेत 4-1 ने जिंकणारा संघ वरदहस्तावर खेळत नव्हता.

नोव्हेंबर 2020 मधला मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा चॅम्पियन्स लीगचा सामना मिळाला तर बघा, निदान पहिला गोल. युनायटेडचा कॉर्नर आहे. बाशाकशेहिरचे जवळजवळ सगळे आपल्या गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रात परतलेत आणि मधल्या रेषेजवळ देम्बा बा एकटा उभा आहे. त्याच्या आसपास युनायटेडचा एकही माणूस नाही. चेंडू बाहेर फेकला जातो, बा अर्धं मैदान चेंडू घेऊन पळतो आणि गोल. दुसऱ्या दिवशी सगळे युनायटेडच्या बचावाची टर उडवत होते आणि ते रास्तच होतं. पण मी बाकी अर्धा भाग बघतो. समोरच्याचा कॉर्नर असताना 35 वर्षांचा, दमलेला स्ट्रायकर बचावाला बोलवायचा की पुढे ठेवायचा, हे सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात ठरतं. बहुतेक लहान संघ मोठ्या संघापुढे घाबरून अकराच्या अकरा मागे ओढतात. बुरुकने ओढले नाहीत. सामना 2-1 ने जिंकला.

त्याच मोसमात 8 डिसेंबरला पॅरिसमध्ये पीएसजीविरुद्धच्या सामन्यात चौथ्या पंचाने बुरुकचा सहायक पिएर वेबो याचा उल्लेख त्याच्या वर्णावरून केला आणि दोन्ही संघ मैदान सोडून गेले. सामना दुसऱ्या दिवशी नव्या पंचांसह पूर्ण झाला. लीगमध्ये मात्र घसरण सुरू झाली होती आणि जानेवारी 2021 मध्ये लीग विजेता प्रशिक्षक बेकार झाला. जवळपास दीड वर्ष त्याच्याकडे क्लब नव्हता.

जून 2022 मध्ये दुर्सुन ओझबेक गालातासरायचे अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि त्यांनी बुरुकला बोलावलं. मग खरेदी: मेर्टेन्स, तोरेरा, हंगाम सुरू झाल्यावर पॅरिसहून उसना इकार्डी. नावं बघून लोक म्हणतात, हे असताना कोणीही जिंकेल. माझं म्हणणं उलट आहे. मेर्टेन्स तेव्हा 35 वर्षांचा, इकार्डी पॅरिसला नकोसा झालेला. असे खेळाडू पुढे ठेवून चेंडू गेल्यावर लगेच तुटून पडायचं फुटबॉल खेळवायचं, तर त्यांच्यामागे धावणारी माणसं हवीत. बुरुकने मध्ये तोरेराला ठेवलं, उजवीकडे साशा बोए, डावीकडून केरेम आक्तुर्कोग्लू. हाजीच्या मागे धावणाऱ्या माणसाने आपल्या प्रत्येक हाजीमागे दोन बुरुक उभे केले, असं मी पोरांना सांगतो.

भूकंपाने हादरलेल्या त्या 2022-23 च्या हंगामात, प्रजासत्ताकाच्या शतकी वर्षात, गालातासरायने 88 गुणांनी लीग घेतली. पुढच्या वर्षी जे झालं ते तर अचाट होतं. फेनेरबाहचेने 38 सामन्यांत 99 गुण केले, फक्त एक सामना हरले, आणि तरी दुसरे आले. गालातासरायचे 102, तुर्की लीगचा विक्रम. शेवटून दुसऱ्या सामन्यात फेनेरबाहचेने त्यांना त्यांच्याच घरात हरवून लीग लांबवली होती. शेवटच्या दिवशी कोन्यात 3-1 जिंकून काम संपलं. 2024-25 मध्ये लीग आणि चषक दोन्ही. इकार्डीचा गुडघा नोव्हेंबरमध्ये टॉटनहॅमविरुद्ध गेला, पण तोपर्यंत नापोलीहून उसना आणलेला ओसिमेन रुळला होता. त्याचे लीगमध्येच 26 गोल. ही क्लबची पंचविसावी लीग, म्हणजे छातीवर पाचवा तारा (दर पाच लीगमागे एक). (त्याच एप्रिलमध्ये चषकाचा सामना हरल्यावर फेनेरबाहचेचा तेव्हाचा प्रशिक्षक मोरिन्यो याने मागून येऊन बुरुकचं नाक पिळलं. बुरुक जमिनीवर कोसळला तो जरा जास्तच नाटकीपणाने कोसळला असं माझं मत आहे, पण मोरिन्योच्या हाताला काही सबब नाही.)

खेळाडू घडवण्याचं उदाहरण हवं असेल तर बारिश आल्पेर यिल्माझ घ्या. दुसऱ्या श्रेणीतून आलेला, दणकट, सरळ रेषेत पळणारा पोरगा. बुरुकने त्याला दोन्ही पंखांवर खेळवलं, स्ट्रायकर म्हणून खेळवलं, गरज पडली तेव्हा बचावातही टाकलं. आज तो राष्ट्रीय संघाचा नेहमीचा खेळाडू आहे. बोएला 2024 च्या जानेवारीत बायर्न म्युनिकने 3 कोटी युरोला नेलं.

कमी पडतो तो युरोपात, आणि इथे मी त्याची बाजू घेणार नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर 3-2 चा विजय झकास होता: गोलरक्षक ओनानाच्या चुकलेल्या पासवर मेर्टेन्स तुटून पडतो, कासेमिरो त्याला पाडून लाल कार्ड घेतो, इकार्डी पेनल्टी बाहेर मारतो आणि तीन मिनिटांनी तोच गोल करतो. पण त्याच मोसमात स्पार्टा प्रागकडून 4-1. पुढच्या ऑगस्टमध्ये यंग बॉइजसारख्या स्विस संघाकडून दोन्ही सामने हरून चॅम्पियन्स लीगच्या दारातूनच माघारी. फेब्रुवारी 2025 मध्ये आल्कमारकडून 4-1. सप्टेंबर 2025 मध्ये फ्रँकफर्टकडून 5-1, आणि बाराच दिवसांनी लिव्हरपूलवर 1-0. हा आलेख चांगल्या पण बेभरवशाच्या संघाचा आहे. कारण माझ्या मते एकच: तुर्की लीगमध्ये बहुतेक संघ गालातासरायसमोर मागे बसतात, त्यामुळे पुढे चढलेल्या बचावामागची मोकळी जागा महिनोन्महिने कुणी वापरतच नाही. युरोपात वेगवान संघ पहिल्या वीस मिनिटांत तिथे पोहोचतो आणि तोवर बुरुकची दुसरी योजना तयार नसते. लिव्हरपूलविरुद्ध तो लवकर पेनल्टीवर पुढे गेल्यावर मागे सरकायला तयार झाला, ही मला नवी गोष्ट वाटली.

तुम्ही शेवटी तेरिमशी तुलना विचारली होती. तेरिमच्या नावावर गालातासरायसोबत आठ लीग आहेत आणि कोपनहेगनचा तो कप. बुरुकच्या 2025 पर्यंत तीन, बाशाकशेहिरची धरून चार. लीगचा आकडा तो गाठू शकेल, वय आणि क्लब दोन्ही त्याच्या बाजूने आहेत. पण इस्तंबूलमध्ये हिशोब लीगचा होत नाही. तिथे 2000 च्या कपाचं माप लावतात, आणि बुरुकच्या बाबतीत ते जास्तच कडक लावतात, कारण तो कप उचलणाऱ्यांत तो स्वतः होता.